पाकीट नको, मैदान द्या

कोल्हापूरच्या सभागृहात बसणाऱ्या सर्व नगरसेवक-नगरसेविकांना, महापौरांना आणि आयुक्त साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

मी पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा खजिनदार. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की निम्मे लोक पत्र न वाचताच माझ्या बाजूचे होतील आणि उरलेले निम्मे न वाचताच विरोधात जातील. आपल्या गावाची रीत तुम्हाला सांगायला नको. शाहू स्टेडियमवर आमचा संघ उतरला की एका बाजूच्या गॅलरीत आवाज होतो आणि दुसऱ्या बाजूच्या गॅलरीत शिट्ट्या, एवढी ओळख पुरे.

खजिनदार म्हटलं की लोकांना तिजोरी आठवते. आमच्याकडं एक दोनशेपानी वही आहे, दोन पावतीपुस्तकं आहेत आणि बँकेचं एक पासबुक आहे, त्यातली शिल्लक बघायला मला अजून चष्मा लागत नाही, कारण आकडाच लांब नाही. वहीत डावीकडं जमा, उजवीकडं नावे. उजवी बाजू लवकर भरते. वीस-बावीस पोरांचे शूज, जर्सीचे दोन सेट, स्टॉकिंग, शिनगार्ड, बॉल. सरावानंतरची केळी, अंडी, दूध. प्रशिक्षकाचं मानधन. क्रेप बँडेज, स्प्रे, बर्फाची लादी. खाली ‘किरकोळ’ असा एक शब्द, आणि त्या किरकोळात कुणाच्या घरचं थकलेलं लाईट बिल, कुणाच्या बहिणीची कॉलेजची फी. हे फुटबॉलचे खर्च नव्हेत असं ऑडिटर म्हणेल. पण ते भरले नाहीत तर त्या पोराचा बाप त्याला सरावाऐवजी रात्रपाळीला पाठवतो, मग ते फुटबॉलचेच झाले की नाही?

डावी बाजू छोटी. पेठेतली वर्गणी, दोन-चार नेहमीचे देणगीदार, एखाद्या स्पर्धेत वर पोचलो तर बक्षीस, गणपतीतली उरलीसुरली शिल्लक. आणि या सगळ्याच्या खाली, बहुतेक वेळा सगळ्यात मोठी रक्कम, ‘एक हितचिंतक’ या नावानं.

तुमच्यापैकी काही जण माझ्या वहीत ‘एक हितचिंतक’ म्हणून आहेत. मी नावं लिहीत नाही, तुम्हीच तसं सांगितलेलं असतं. निवडणुकीच्या वर्षी हितचिंतक वाढतात. पुढच्या वर्षी त्यांचा फोन बिझी लागतो. २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. त्या काळात कोण हितचिंतक टिकले आणि कोण आटले, हे माझ्या वहीत तारखेनिशी आहे. काळजी करू नका, ते पान मी कुणाला दाखवणार नाही.

आता या हितचिंतकांनी दिलेल्या पाकिटाचं काय होतं ते ऐका, कारण पत्र त्यासाठीच लिहितोय. पाकीट हातात पडतं ते बहुतेक हंगामाच्या तोंडावर, खेळाडूंची नोंदणी सुरू असते तेव्हा. समोरच्या पेठेनं आफ्रिकेतला स्ट्रायकर आणल्याची बातमी चौकात आलेली असते. मग आम्हालाही एक हवा असतो. नसेल तर गोव्याचा तरी, कोलकात्याचा तरी. पाकिटातले पैसे त्याच्या मानधनात, खोलीभाड्यात आणि जेवणात जातात. त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. तो घरापासून हजारो मैलांवर येऊन पोटासाठी खेळतो, आणि त्यातले काही आमच्या पोरांना खूप शिकवून गेले. पण मे-जूनमध्ये हंगाम संपला की तो जातो, पाकीट संपतं, आणि आमच्या गल्लीतला पोरगा, जो वर्षभर बेंचवर बसला, तो पुढच्या वर्षी नोंदणीला येत नाही. आणि माझ्या वहीत उधारी उरते.

तुम्ही मदत करत नाही अशी तक्रार नाही. मदत चुकीच्या जागी पडते, एवढंच सांगायचंय.

याला आपल्याच गावात मोठा दाखला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण महाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी खासबाग मैदान बांधलं, १९१२ साली. तो खुराक खाल्लेले मल्ल कधीच गेले. मैदान अजून जागेवर आहे आणि आजही तिथं कुस्ती बघायला माणूस जमिनीवर बसला तरी त्याला आखाडा दिसतो, कारण बांधणाऱ्यानं तसा उतार दिला. ज्या तालमींच्या नावानं आज आम्ही फुटबॉल खेळतो, त्या तालमीही कुस्तीसाठीच उभ्या राहिल्या. लाल मातीतून आम्ही हिरवळीवर आलो. हिरवळ मात्र सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

फुटबॉलमध्ये नुसता पैसा किती टिकतो, हेही महाराष्ट्रानं पाहिलंय. महिंद्रा युनायटेडसारखा नावाजलेला संघ २०१० साली बंद झाला. पुणे एफसी गेला. भारत एफसी एका हंगामात आटोपला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसले नाहीत. एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली. यांच्या मागं मोठमोठी घराणी आणि कंपन्या होत्या, चकचकीत बस होत्या, परदेशी प्रशिक्षक होते. २०२५ च्या जुलैत तर अख्खी आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची फुटबॉल लीगच, करारावरून अडकून पडली. आणि आमच्या तालमी? पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, जुना बुधवार... सगळ्या कर्जात, सगळ्या भांडणात, पण सगळ्या हजर. मालकाचं मन फिरलं की क्लब बंद, असं इथं होत नाही, कारण इथं मालकच नाही. पेठ आहे. पेठेला टाळं लावता येत नाही.

तेव्हा जगण्यासाठी आम्हाला तुमच्या पैशाची गरज नाही. नीट जगण्यासाठी काय लागतं ते खाली येतंच. त्याआधी थोडं विलायतेला जाऊन येऊ, कारण ‘तिकडं पालिका क्लबना पैसे देतात’ हे वाक्य मी चहाच्या टपरीवर फार ऐकतो.

देतात, खरं आहे. नॉर्थम्प्टन नावाच्या गावाच्या पालिकेनं २०१३-१४ च्या सुमाराला तिथल्या खालच्या श्रेणीतल्या क्लबला १ कोटी अडीच लाख पौंड कर्ज दिलं. स्टेडियमचा एक स्टँड नव्यानं बांधायचा होता. पैसे क्लबकडं गेले, क्लबकडून पुढं गेले, बांधणाऱ्याला मिळाले नाहीत, काम थांबलं. पोलीस चौकशी झाली, लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले, आणि तो स्टँड वर्षानुवर्षं अर्धवट उभा राहिला. करदात्यांचा पैसा, आणि बसायला खुर्ची नाही.

दुसरं गाव प्लिमथ. तिथला क्लब २०११ मध्ये दिवाळखोरीच्या दारात होता. पालिकेनं क्लबच्या हातात रोख ठेवली नाही. तिनं क्लबचं मैदानच १६ लाख पौंडांना विकत घेतलं आणि त्यांनाच भाड्यानं दिलं. क्लब सावरला, भाडं देत राहिला आणि २०१६ मध्ये मैदान परत विकत घेतलं. पालिकेचा पैसा बुडाला नाही, कारण तो जमिनीत होता, कुणाच्या खिशात नव्हता.

आणि तिसरं गाव, मँचेस्टरच्या उत्तरेचं बरी. नाव बरी, गोष्ट वाईट. १८८५ चा क्लब. १९०० आणि १९०३ साली एफए कप, म्हणजे इंग्लंडमधला मानाचा चषक, जिंकलेला, त्यातल्या दुसऱ्या अंतिम सामन्यात डर्बीला ६-० धुतलेलं. २०१८ च्या डिसेंबरात एका गृहस्थानं हा क्लब एका पौंडाला घेतला. एक पौंड! आमच्याकडं एवढ्यात शिनगार्डची जोडीही येत नाही. २०१९ मध्ये संघ खेळून वरच्या श्रेणीत चढला, पण खेळाडूंचे पगार थकले होते, देणेकरी दारात होते, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगनं त्यांना बाहेर काढलं. गिग लेन हे त्यांचं मैदान बंद पडलं. समर्थकांत दोन तट पडले. एका गटानं नवा क्लब काढला, दुसऱ्यानं जुनं मैदान मिळवायचा ध्यास घेतला. पुढं सरकारी निधीतून दहा लाख पौंड आले, आणि पालिकेनं साडेचार लाख देऊ केले, पण एका अटीवर: आधी दोन्ही गट एक व्हा, मग पैसे. झाले एक. २०२३ मध्ये बरीचा संघ पुन्हा गिग लेनवर उतरला.

आपल्याकडं काय झालं असतं, विचार करा. दोन गटांना दोन पाकिटं मिळाली असती, आणि दोन्ही गटांच्या फ्लेक्सवर एकाच साहेबांचा फोटो असता.

बरं, विलायत झाली. आता मागणं.

पहिलं मैदान. मी जागा मागत नाही. मला माहीत आहे की महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये पालिकेची मिळकत देताना बाजारभावाची अट आहे, आणि पेठेतल्या तालमीला बाजारभाव परवडायचा नाही. आम्हाला मिळकत नको, वेळ हवी. शहरात पालिकेची जी मैदानं आहेत त्यांचं वेळापत्रक लावा. कुठल्या मैदानावर कुठल्या वारी, किती ते किती, कुठला संघ. बाहेर बोर्डावर रंगवा, म्हणजे कुणाच्या वशिल्याची गरज नाही आणि दोन संघांची एकाच गोलपोस्टवरून मारामारी नाही. बदल्यात संघावर अट घाला: ज्या संघाला वेळ हवी त्यानं चौदा वर्षांखालचा एक संघ चालवलाच पाहिजे, आणि आठवड्यातला एक दिवस मुलींचा. या अटीवर आमच्यातले काही जण नाक मुरडतील. मुरडू देत. मुलींना सराव द्यायला आमच्याकडं प्रशिक्षक आहे, चेंडू आहेत, फक्त त्यांनी कुठल्या वेळी, कुणाच्या नजरा न झेलता खेळायचं, ते ठरलेलं नाही.

मैदान म्हटलं की पाणी आलंच. गांधी मैदान मूळचं वरुणतीर्थ, म्हणजे तळं. तळं बुजवलं तरी पावसाळ्यात त्याला आपली जागा आठवते. आता एक गंमत सांगतो, वकील मित्रानं दाखवलेली. त्याच अधिनियमात मैदानं बांधणं-राखणं हे कलम ६६ मध्ये आहे, म्हणजे पालिकेच्या मर्जीवरचं काम. पण गटारं आणि सांडपाण्याचा निचरा कलम ६३ मध्ये आहे, म्हणजे बंधनकारक. तेव्हा मैदानासाठी निधी नाही असं कुणी म्हणालं तर मैदान हा शब्दच फायलीत लिहू नका. निचरा लिहा. पाणी कुठून येतं, कुठल्या नाल्यातून उलटतं आणि कुठं काढायचं, एवढं एकदा नीट सोडवलं तर गवत आम्ही लावू. खरंच लावू. पेठेतली पोरं श्रमदानाला मागं हटत नाहीत. महापुरात २०१९ आणि २०२१ ला तुम्ही पाहिलंय.

त्याला जोडूनच दुसरी गोष्ट. मैदानं सभांना, प्रदर्शनांना, फटाक्यांच्या स्टॉलना दिली जातात. द्या, पालिकेलाही उत्पन्न लागतं, आणि सभा तर तुमच्याच असतात. फक्त अनामत घ्या, आणि अनामत परत करण्याआधी एका माणसानं मैदानावर अनवाणी चालून बघावं. मंडपाच्या खुंटांचे खड्डे, सुतळीच्या गाठी, खिळे, तारा. घोटा मोडायला विरोधी खेळाडूच लागतो असं नाही.

घोट्यावरून आठवलं. आमचा एक डावा विंगर होता. दिवसा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत, पाळी बदलून घेऊन संध्याकाळी सरावाला. हातांवर भट्टीचे डाग आणि पायात असा वेग की समोरचा बॅक पंचाकडंच बघत राही. एका सामन्यात त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. कुणाची चूक नव्हती, पाय अडकला आणि अंग फिरलं. ऑपरेशनचा आकडा ऐकून त्याची आई मला एवढंच म्हणाली, “पाय बरा हुंदे, पण परत बॉल घरात आणू नको म्हणावं त्याला.” पुढच्या सामन्याला पोरांनी गॅलरीतून चादर फिरवली. दहाच्या नोटा, शंभराच्या नोटा, चिल्लर. समोरच्या पेठेच्या गॅलरीतही चादर गेली आणि तिथून ती जड होऊन आली. मी त्या रात्री तालमीत बसून ते पैसे मोजले, दोन वेळा, कारण पहिल्यांदा डोळे नीट चालेनात. ऑपरेशन झालं. तो खेळायला परत आला नाही. सामन्याला येतो, कठड्याला रेलून उभा राहतो, आणि डाव्या बाजूनं चेंडू सुटला की त्याचा पाय आपोआप हलतो.

गावाचं मन मोठं आहे, पण चादर म्हणजे विमा नव्हे. प्रत्येक हंगामात नोंदणी झालेल्या खेळाडूंची यादी तयारच असते. त्या सगळ्यांचा मिळून एक सामूहिक अपघात विमा उतरवा. निम्मा हप्ता पालिकेचा, निम्मा संघांचा. संघांनी आपला निम्मा भरला नाही तर नोंदणी नाही. आमच्या संघाचा पहिला धनादेश मी देतो, लिहून घ्या. एका आफ्रिकन स्ट्रायकरचं महिन्याचं जेवण कमी करावं लागलं तरी चालेल, तो आम्हाला समजून घेईल.

तिसरं, दिवे. आमची पोरं विद्यार्थी थोडी, कामगार जास्त. सहा वाजता सुटतात. हिवाळ्यात सहाला अंधार. मग जे काही करायचं ते ताशी भाड्याच्या टर्फवर, तेही सात-सात जणांनी. त्या जाळीतल्या फुटबॉलमध्ये पायाला चपळाई येते, कबूल, पण चाळीस यार्डांचा पास आणि मोकळ्या जागेतली धाव तिथं शिकता येत नाही. स्टेडियमवर उतरलं की हे लगेच दिसतं. दोन मैदानांवर चार-चार खांब उभे करा. बिल मीटरप्रमाणं आम्ही भरू.

महापौर चषकाबद्दलही एक शब्द. ती स्पर्धा भरवा, गावाला ती आवडते. पण बक्षिसाचा आकडा फुगवू नका. आकडा फुगला की तो जिंकायला पुन्हा बाहेरचे पाच खेळाडू येतात, आणि फिरून तेच पाकीट. त्यातली निम्मी रक्कम शाळांच्या स्पर्धेला आणि पंचांच्या प्रशिक्षणाला लावा.

आता आमच्या बाजूचं. आम्ही काही धुतल्या तांदळाचे नाही. आमच्या समर्थकांच्या हुल्लडबाजीनं सामने थांबलेत, पोलिसांना धावावं लागलंय, घरच्यांना घेऊन सामन्याला येणारी माणसं यायची कमी झालीत. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेची चुरस हा या खेळाचा प्राण आहे, पण दगड हा त्या चुरशीचा भाग नाही. आणि हिशेबाचं म्हणाल तर त्याहून वाईट. तालीम म्हणून आमची नोंदणी आहे, पण फुटबॉलचा हिशेब तालमीच्या हिशेबात नसतो, तो माझ्या त्या दोनशेपानी वहीत असतो. २०२१ पासून कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामासाठी त्या देतात तो पैसा, घ्यायचा तर संस्थेची रीतसर नोंद लागते, आयकराचे कागद लागतात, लेखापरीक्षण लागतं. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागलच्या कारखान्यांत आमचे खेळाडू घाम गाळतात, पण त्याच कारखान्यांकडून एक रुपया आम्ही रीतसर घेऊ शकत नाही, कारण कागद नाहीत. हा दोष तुमचा नाही, आमचा आहे. तुम्ही इतकंच करा: ज्या संघानं लेखापरीक्षित हिशेब चौकातल्या फलकावर लावला, त्यालाच मैदानाची वेळ. बघा किती भराभर कागद होतात.

यामुळं ‘एक हितचिंतक’ बंद होईल. नाव लिहावं लागेल. तुमच्यातल्या काहींना हे अडचणीचं वाटेल, आणि आमच्यातल्या जास्त जणांना.

२०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आपला अनिकेत जाधव खेळला. दिल्लीत, अमेरिका, कोलंबिया, घानाच्या पोरांसमोर. आम्ही तालमीत टीव्ही लावून बघत होतो, आणि तो चेंडू घेऊन धावला की जे पंच्याहत्तरीचे आहेत तेही उठून उभे राहत होते. तो कोल्हापूरचा, हे सांगताना आपली छाती फुगते. पण त्याची घडण झाली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. खेळाची ओढ इथली, मैदान तिथलं. त्याच वयाची, त्याच वेगाची दोन-तीन पोरं आज माझ्या यादीत आहेत. त्यातला एक दुधाच्या गाडीवर पहाटे चारला जातो.

माझी वही बघायची असेल तर कधीही या. संध्याकाळी सातनंतर मी तालमीत असतो. पाऊस नसला तर बाहेर कट्ट्यावर. येताना पाकीट आणू नका, पावती फाडावी लागेल, आणि पावतीवर आता मी पूर्ण नाव लिहायचं ठरवलंय.

आपला,
पेठेतल्या एका संघाचा खजिनदार